सीप्लेनचे धक्के, पर्यावरणीय परवानगी आणि तंजावरचा किनारा

(तंजावर येथे मराठी भाषिक साथींच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावर शहरातून पट्टुक्कोट्टैमार्गे समुद्राकडे गेले, की मल्लिपट्टिनमजवळ किनाऱ्यावर मनोरा नावाचा आठ मजली, षट्कोनी बुरूज दिसतो. दुसऱ्या सरफोजीने तो १८१४ च्या सुमारास नेपोलियनच्या पाडावाचे आणि इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून बांधविला. ज्या राजाचा राज्यकारभार कंपनीने १७९९ च्या तहाने काढून घेतला होता, त्याच राजाने कंपनीच्या शस्त्रांचा गौरव दगडात कोरून ठेवावा, ही सरंजामी लाचारी इतिहासाच्या अभ्यासकांनी तपासावी. आजच्या विषयाशी संबंध आहे तो एवढाच, की हे बांधकाम सुरू होण्यापूर्वी या किनाऱ्यावर जाळी वाळवणाऱ्यांना कोणी काही विचारले असेल, असे मानण्यास जागा नाही. परवानगी एकच लागत होती, आणि ती राजाची होती.

दोनशे वर्षांनंतर परवानग्यांचा सुकाळ झाला आहे. किनाऱ्याची वेगळी, जंगलाची वेगळी, हवाई वाहतुकीची वेगळी, बंदर खात्याची वेगळी. या सुकाळातही एखादा प्रकल्प विचारणा न होता पाण्यात कसा उतरू शकतो, याचा नमुना म्हणून सीप्लेनच्या धक्क्यांकडे पाहता येते. विषय वरवर किरकोळ वाटतो. अणुवीज केंद्र नाही, पोलाद कारखाना नाही. दहा-पंधरा प्रवाशांचे एक विमान पाण्यावर उतरते आणि निघून जाते. परंतु देशाच्या किनारी आणि धरणांवर अशा धक्क्यांच्या योजना गेली काही वर्षे सातत्याने आखल्या जात आहेत, आणि २२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय नागरी उड्डाण मंत्रालयाने कार्यपद्धती सुलभ करणारी नवी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली आहेत. ही सुलभता कोणासाठी आहे, याचा विचार करणे भाग आहे.

आधी धक्का म्हणजे काय ते पाहू. विमानास पाण्यावर उतरण्यासाठी एक किलोमीटरहून लांब, शंभर मीटरहून रुंद असा सरळ, शांत पाण्याचा पट्टा लागतो, आणि तळ पुरेसा खोल असावा लागतो. त्या पट्ट्यात उतरण्याच्या नि उडण्याच्या वेळी होडी नको, जाळे नको, जाळ्याचा तरंगता बोया नको. त्याखेरीज तरंगती जेट्टी, ती रोखून धरणारे नांगर व खांब, इंधनाचा साठा, प्रवाशांची इमारत, बचावनौका आणि किनाऱ्यापर्यंत रस्ता. शांत पाणी बंदरात किंवा खाडीत मिळते, म्हणून योजनाकारांची नजर तेथे जाते. होड्याही त्याच कारणासाठी तेथे असतात. विमान दिवसातून दोनदाच येईल, असे सांगितले जाते. परंतु पट्टा राखून ठेवावा लागतो तो दिवसभर, आणि एकदा सुरक्षेच्या नावाने राखलेला पट्टा पुन्हा मोकळा होत नाही, हा गोदी भागातील प्रत्येक कामगाराचा अनुभव आहे.

आता कायद्याकडे येऊ. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेला एक यादी जोडलेली आहे. यादीत ज्या प्रकल्पाचे नाव आहे, त्याला पूर्वपरवानगी लागते. त्यांपैकी बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी अभ्यास-अहवाल लागतो, जनसुनावणी लागते, आणि दिलेल्या परवानगीविरुद्ध तीस दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. यादीत विमानतळ आहे. यादीत बंदर आहे. एवढेच काय, वर्षाला १०,००० टन किंवा अधिक मासळी हाताळणारे मासेमारी बंदरही यादीत आहे. पाण्यावरील विमानतळ मात्र यादीत नाही, हे केंद्र सरकारने स्वतः मान्य केले आहे. गुजरातमधील प्रस्तावाच्या निमित्ताने तज्ज्ञ मूल्यांकन समितीने अशा धक्क्याचे परिणाम विमानतळासारखेच असू शकतात, असे मत दिले; पण समितीचे मत म्हणजे यादीतील नोंद नव्हे. म्हणजे मच्छीमारांनी स्वतःच्या मासळीसाठी मोठे बंदर मागितले तर त्यांना या दारातून जावे लागते, आणि त्याच बंदरात पर्यटकांसाठी विमान उतरवावयाचे असेल तर दारच नाही!

किनाऱ्यावर एक दुसरी अधिसूचना लागू आहे, किनारा नियमन क्षेत्राची. ती प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. २०११ मध्ये व पुन्हा १८ जानेवारी २०१९ रोजी बदलली गेली. समुद्री गवत, कांदळवन, प्रवाळ, कासवांची अंडी घालण्याची जागा यांना ती सर्वांत कडक संरक्षण देते, आणि भरतीरेषेपलीकडील पाण्यालाही ती क्षेत्र मानते. तेव्हा समुद्रात जेट्टी बांधावयाची तर किनारा प्राधिकरणाकडे जावेच लागेल. हा आधार खरा आहे, त्यास कमी लेखू नये. परंतु लोकांना जाहीरपणे बोलण्याचा जो हक्क मिळतो, तो आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून मिळतो. यादीतून प्रकल्प गळला, की किनारा प्राधिकरणाच्या बैठकीत कागद फिरतात, नकाशे पाहिले जातात, शर्ती लिहिल्या जातात. मच्छीमार मात्र खोलीबाहेर असतो. धरणाच्या जलाशयात तर किनारा अधिसूचनाही लागू नाही.

येथे एका समजाची चिकित्सा केली पाहिजे. कार्यकर्त्यांत असे बोलले जाते, की परवानगी म्हणजे शेवटी सत्ताधारी वर्गाने स्वतःस दिलेला दाखला. जनसुनावणी म्हणजे तमाशा. त्यात वेळ घालवू नये. या बोलण्यात अनुभवाचा कडवटपणा आहे आणि तो खोटा नाही. पण वाईट परवानगी आणि परवानगीची गरजच नसणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. वाईट परवानगीला तारीख असते, सही असते, शर्ती असतात. तिच्याविरुद्ध अपील होते. शर्त मोडली तर बोट दाखविता येते. गरजच नाही म्हटले, की यांपैकी काहीही हाती राहत नाही. भांडवलदारांचे वकील हा फरक पक्का ओळखतात. म्हणून त्यांचा खरा जोर परवानगी मिळविण्यावर जितका असतो, त्याहून अधिक यादीतून सुटण्यावर असतो. हे जगाच्या पाठीवर कोठे शोधावयास नको. तंजावरच्या मातीनेच ते शिकविले आहे.

१९९० नंतर अविभक्त तंजावर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः १९९१ मध्ये वेगळ्या झालेल्या नागपट्टिनम भागात, निर्यातीच्या कोळंबीची तळी खणली जाऊ लागली. समुद्राचे पाणी भातशेतीच्या उशाशी आणून साठविले गेले. विहिरी खाऱ्या झाल्या, समुद्राकडे जाण्याच्या वाटा कुंपणांनी अडल्या, आणि भाताच्या लावणी-कापणीवर जगणाऱ्या मजुरांच्या हाताचे काम गेले, कारण त्याच जमिनीवर कोळंबीच्या तळ्याला मोजकेच राखणदार पुरतात. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी गावोगाव सत्याग्रह केले आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. श्रेय ज्याचे त्यास द्यावे. ते आपल्या पक्षाचे नव्हते, म्हणून ते काम लहान होत नाही. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून किनाऱ्याची पाहणी करविली. संस्थेने हिशेब मांडला, की तामिळनाडूत कोळंबीतून जी मिळकत होते तिच्या सुमारे दीडपट, तर आंध्रात सुमारे चौपट समाजाचे नुकसान होते.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. १९९१ च्या किनारा अधिसूचनेत बंदी घातलेल्या उद्योगांत कोळंबीपालन मोडते. किनारा क्षेत्रातील तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी मोडून टाकावीत. शेतजमीन, मिठागर, कांदळवन व गावची सार्वजनिक जमीन यांचे तळ्यांत रूपांतर करू नये. काम जाणाऱ्या मजुरांना सहा वर्षांच्या वेतनाइतकी भरपाई द्यावी. भातखाचरातल्या मजुराच्या दृष्टीने यापेक्षा स्पष्ट निकाल दुसरा असू शकत नव्हता.

पुढे काय झाले? तळी मोडण्याची मुदत उजाडण्यापूर्वीच पुनर्विचार अर्ज येऊन त्या आदेशास स्थगिती मिळाली. उद्योगाने आपली बाजू मांडणे सोडले नाही, पण ती मांडण्याची जागा बदलली. २००५ मध्ये संसदेने किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा केला. त्यात एक कलम असे आहे, की १९९१ च्या अधिसूचनेतील बंदी किनारी जलकृषीस लागू नाही, असे वाक्य त्या अधिसूचनेत घातले गेले आहे असे समजावे. आणि ते १९ फेब्रुवारी १९९१ पासून, म्हणजे अधिसूचनेच्या पहिल्याच दिवसापासून घातले गेले आहे असे समजावे! चौदा वर्षे मागे जाऊन शब्द घालण्यात आले. निकाल रद्द करण्याची गरज पडली नाही. निकाल ज्या ओळीवर उभा होता ती ओळ बदलली. २०२३ च्या दुरुस्तीने ही सूट आणखी पक्की केली. त्या वेळी न्यायालयाबाहेर पेढे वाटले गेले होते की नाही, याची नोंद नाही. पण निकाल लागला म्हणजे लढा संपला असे समजता येत नाही, ही गोष्ट आजच्या साथींनी लक्षात ठेवावयास हवी.

सीप्लेनकडे परत येऊ. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमती काठावरून केवडियापर्यंत मोठ्या थाटाने सेवा सुरू झाली. त्यापूर्वी, २०१९ च्या आरंभी, केवडियाच्या ज्या तळ्यात विमान उतरावयाचे होते तेथील मगरी पिंजऱ्यात पकडून हलविण्यात येत होत्या. मालदीवहून आणलेल्या एका विमानावर ही सेवा चालली. दुरुस्तीसाठी ते परत जाई तेव्हा बंद पडे. एप्रिल २०२१ मध्ये ती थांबली. मगरींना परत बोलाविण्याची तरतूद कोणत्याही परवान्यात असल्याचे ऐकिवात नाही. मुंबईतही ९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीसमोर असे एक विमान उतरवून दाखविण्यात आले. त्या निमित्ताने जी छायाचित्रे निघाली त्यांत मंत्री दिसले, समुद्र दिसला, परंतु कोळीवाडा दिसला नाही.

केरळचे उदाहरण अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ते डाव्या चळवळीच्या घरातले आहे. जून २०१३ मध्ये तत्कालीन संयुक्त लोकशाही आघाडीच्या सरकारने कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरातून सीप्लेनचे उद्घाटन केले. अलप्पुळच्या पाण्यात मच्छीमारांनी होड्या उभ्या केल्या आणि विमान तेथे उतरू शकले नाही. डाव्या संघटना त्या विरोधात पुढे होत्या, आणि योग्य कारणासाठी होत्या: अष्टमुडी आणि वेंबनाड ही सरोवरे रामसर करारान्वये संरक्षित पाणथळी आहेत, आणि हजारो कुटुंबांचे जाळे तेथे पडते. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्या वेळी सत्तेवर असलेल्या डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारनेच कोचीच्या बोळगाट्टीपासून इडुक्कीतील माट्टुपेट्टी धरणापर्यंत चाचणी उड्डाण केले. मच्छीमार संघटनांनी, त्यांत डाव्या कामगार संघटनांशी संलग्न संघटनाही होत्या, आक्षेप घेतला. माट्टुपेट्टीच्या जलाशयातून रानहत्ती पार होतात, म्हणून वनखात्यानेही हरकत नोंदविली. सरकारची बाजू अशी, की पूर्वीचा विरोध मासेमारीच्या पाण्यावर विमान उतरविण्यास होता, नवी योजना मुख्यतः धरणांच्या जलाशयांसाठी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. जलाशय आणि कायल एक नव्हेत. तरीही एक प्रश्न उरतो. जाळे पडत नाही अशी खात्री कोणी केली, कोणाला विचारून केली, आणि ती कोठे लिहून ठेवली? सरकार कोणाचे आहे यावरून पाण्याचा उपयोग बदलत नाही, आणि विचारण्याची पद्धतही बदलता कामा नये. संलग्न संघटनेने स्वतःच्या सरकारला हे उघड विचारले, ही त्या संघटनेच्या प्रकृतीची चांगली खूण आहे.

यादीत नाव असले म्हणजे सर्व सुरळीत होते, असा अर्थ कोणी काढू नये. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची हकीकत महाराष्ट्रातील साथींना ठाऊकच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी जे प्राधिकरण नेमले गेले, त्याने १९९८ मध्ये हेच बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्याला मान्यता दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी जनसुनावणी झाली आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी पर्यावरणीय परवानगी निघाली. अठ्ठावीस दिवस! त्यात सुनावणीतील प्रत्येक आक्षेपाला उत्तर देणे, ते अहवालात घालणे, तज्ज्ञ समितीने ते वाचणे, सर्व आले. तरीही वाढवणच्या मच्छीमारांच्या हाती न्यायालयात नेण्यासारखा एक कागद आहे, तारखांसह आहे. यादीबाहेरच्या धक्क्यापुढे उभ्या राहणाऱ्याच्या हाती तो नसतो.

मनोऱ्यावरून पूर्वेस दिसणारे पाणी म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी. ती उथळ आहे, तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत, आणि त्या कुरणांवर समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, चरते. भारताच्या समुद्रात ती आता दोन-अडीचशेच उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतचे ४४८ चौरस किलोमीटर पाणी देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. त्यात सुमारे १२,२५० हेक्टर समुद्री गवत आहे. हा प्राणी श्वासासाठी काही मिनिटांनी वर येतो, संथ चालतो, आणि वेगाने जाणाऱ्या होडीच्या धडकेने मरतो. असे पाणी विमानासाठी निवडावे काय, याचे उत्तर कायद्यात आहे. पण ते उत्तर देणारा नकाशा कोण काढतो, यावर बरेच अवलंबून आहे.

कारण नकाशावर पाणी निळे आणि रिकामे असते. प्रत्यक्षात या पाण्याला आठवड्याचे पंचांग आहे. पाल्कच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आठवड्यातून तीन दिवस जातात आणि उरलेले चार दिवस देशी होड्यांचे असतात. ही वाटणी दोन्हीकडच्या मच्छीमारांच्या कटू भांडणांतून, फाटलेल्या जाळ्यांतून आणि अधिकाऱ्यांपुढील बैठकांतून उतरलेली आहे. ती अनेकदा मोडली जाते, आणि तरीही तिच्याविना हे पाणी चालत नाही. शिवाय १५ एप्रिल ते १४ जून असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. निळ्या खेकड्याची जाळी गवताच्या कुरणांत तळाशी रात्रभर राहतात. वर पाहणाऱ्यास ती दिसत नाहीत.

आघात मूल्यांकनाच्या अहवालासाठी साधारणतः पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती गोळा करतात. मार्च ते मे हे महिने पाहणीसाठी धरले, तर त्यांतील निम्मा काळ बंदीचा येतो. सल्लागार कंपनीचा माणूस बंदरात येतो, नौका धक्क्याला बांधलेल्या पाहतो, पाणी मोकळे आहे असे लिहितो. त्याने खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही. उलट १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले तेव्हा मल्लिपट्टिनमच्या होड्या बंदरात दाटीने बांधलेल्या होत्या आणि एकमेकींवर आदळून फुटल्या. वादळात बंदराची इंच न् इंच जागा लागते, ही माहिती त्या ऋतूच्या पाहणीत येणारच नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. संपूर्ण अहवाल इंग्रजीत असतो. स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो सारांश. २०२० मध्ये नव्या आघात अधिसूचनेचा मसुदा निघाला, त्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणण्याची कल्पना होती, आणि तो मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत देण्याचा आदेश दिला. सरकारने तो पाळण्याऐवजी वरच्या न्यायालयाकडे धाव घेतली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीने १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला; भोवतीचे कुळवाडी तामिळ बोलत होते. मराठी माणसास त्या लेखाचा अभिमान वाटतो, वाटावाही. पण राज्यकर्त्याने आपली हकीकत आपल्याच भाषेत दगडावर लिहावी आणि रयतेने ती केवळ पाहावी, ही रीत त्या भिंतीवरही आहे आणि प्रकल्प-अहवालातही आहे.

तेव्हा किनाऱ्यावरील साथींपुढे काम कोणते? पाण्यावरील विमानतळास अधिसूचनेच्या यादीत विमानतळांच्या जोडीने स्थान द्यावे, ही मागणी मच्छीमार संघटनांनी राज्य व केंद्र सरकारकडे लेखी करावी. प्रकल्प येण्याची वाट न पाहता प्रत्येक बंदराचे पंचांग तयार करावे: कोणत्या वारी कोणाच्या होड्या, कोणत्या महिन्यात कोणते जाळे, वादळात नौका कोठे बांधतात, गवताची कुरणे कोठवर पसरली आहेत. ते तामिळमध्ये तयार व्हावे, कोकणात मराठीत व्हावे, आणि त्याखाली होडीवर जाणाऱ्यांच्या सह्या असाव्यात. मत्स्यखाते, किनारा प्राधिकरण व डुगाँग क्षेत्राची समिती यांच्याकडे ते देऊन पोच घ्यावी.

आणि जेथे सुनावणी होईल तेथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अधिसूचनेप्रमाणे सुनावणीस गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी ती भरते. तिचे चित्रीकरण करावे लागते. शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत लिहून, उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून, मगच जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने त्यावर सही करावयाची असते. बहुतेक ठिकाणी घोषणा देऊन, भाषणे करून लोक दुपारी उठतात, गाड्या निघतात, आणि हे वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढे होते. सारांश वाचून होईपर्यंत, आणि त्यात ट्रॉलरांचे तीन दिवस व होड्यांचे चार दिवस लिहिले गेले आहेत हे ऐकेपर्यंत, संघटनेचे निदान पन्नास लोक मंडपात बसून राहिले पाहिजेत.